पायाळूचा उजवा पाय

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी पळते ती भरतीसाठी नाही, बक्षिसासाठी नाही, आणि वजन कमी करायला तर मुळीच नाही. सकाळी विजापूर रोडला पळायला निघालं की तासभर माझ्याकडे कुणी काही मागत नाही. एवढंच कारण आहे. आमच्या विद्यार्थी संघटनेत सगळे मागतात: पत्रक लिहून दे, बॅनर धर, निवेदन टाईप कर, तुझा आवाज मोठाय तर घोषणा तूच दे. घरी आई मागते. गल्ली मागते. पळताना मात्र मी आणि रस्ता. म्हणून पाय गेला तेव्हा रडू नंतर आलं, संताप आधी आला.

दुसरी गोष्ट. मी पायाळू आहे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. जन्मताना ज्याचं डोकं आधी न येता पाय आधी येतात तो पायाळू. आमच्याकडे समज असा, की कुणाच्या पाठीत उसण भरली, म्हणजे अचानक कंबर धरली, वाकता येईना, सरळ होता येईना, तर पायाळू माणसानं त्या पाठीला डावा पाय लावायचा. लाथ म्हणतात, पण जोरात नाही, नुसती दाबून. आणि ती सकाळी सकाळी, दोघांनीही तोंड धुवायच्या आत. मग उसण जाते म्हणे. पायाळूला जमिनीखालचं पाणी दिसतं असंही म्हणतात. मला अजून दिसलेलं नाही. जमिनीखालचं राहू द्या, नळाला कधी येणार तेसुद्धा मला कळत नाही.

आणि खरी मेख त्या नळातच आहे. आमच्याकडे पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी अख्खी गल्ली हंडे, कळशा, बादल्या, पिंप, मिळेल ते भरते. बाया वाकून वाकून भरतात, जिने चढतात. दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या दारात कमरेला हात लावलेल्या बाया उभ्या. "उठली का गं पोरगी? तोंड धू नकोस म्हनावं." मी आपली बुटाच्या नाड्या बांधत असते. माझी पळायची वेळ तीच यांची उसण काढायची वेळ.

मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रक लिहिलेलं आहे. आमच्याच वस्तीत, विहारासमोर उभी राहून वाटलेलं आहे. समोरच्या काकूंनी ते हातात घेतलं, घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवलं आणि पाठ करून उभ्या राहिल्या. "वाचते मी सावकाश. तवर पाय लाव की." आईला सांगितलं तर आई म्हणाली, "पत्रक वाचून पाठ बरी व्हत न्हाय." मग मी लावायची पाय. कारण नाही म्हणायला जितका वेळ जायचा त्याच्या आत लाथ लावून व्हायची. ही माझी तडजोड होती आणि आता तिची चीड येते.

आईला माझ्या पायाळूपणाचा अभिमान आहे. तिचं म्हणणं सरळ आहे: हे पाय तिला फार महाग पडलेत. त्या वेळी दवाखान्यात सगळ्यांनी आशा सोडली होती, असं ती सांगते, आणि दर वेळी सांगताना तिचा हात ओटीपोटाकडे जातो. इतकं सोसून आलेल्या पायांनी चार लोकांचं भलं झालं तर तिच्या त्या दिवसाला काही अर्थ लागतो. हे मला समजतं. समजतं म्हणूनच जास्त राग येतो. ज्याचं काहीच समजत नाही त्याच्याशी भांडणं सोपं असतं.

तर, दुखणं. सुरुवात गुडघ्यानं केली. उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं अंतर पळून झालं की कुणी तापलेली सुई टोचावी तसं. थांबले की बंद. पळाले की चालू. आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये एक निवृत्त साहेब आहेत, ते म्हणाले, दुखण्यातून पळायचं असतं, काही दिवसांनी दुखणंच दमतं. दुखणं काही दमलं नाही. त्याच सुमाराला वसतिगृहाच्या जेवणावरून आमचं आंदोलन चालू होतं. बैठक फुकट गेली की दुसऱ्या सकाळी मी जास्त पळायची. एखाद्यानं भाषणात माझा मुद्दा स्वतःचा म्हणून सांगितला की आणखी जास्त. सगळा राग पायांतून काढत होते. पायांनी माझं काय घोडं मारलं होतं? मग खुबा धरला. उजव्या कुशीवर झोपता येईना. रिक्षात चढताना पाय हातानं उचलून आत घ्यावा लागायचा, एखादी पिशवी घ्यावी तसा.

शेवटी एका सरकारी कचेरीत निवेदन देऊन खाली उतरताना जिन्यात गुडघ्यानं साथ सोडली आणि मी पायरीवरच बसले. उठता येईना. आमची पोरं मागून येत होती. त्यांना वाटलं मी ठिय्या मांडला. एकानं "मिळालंच पाहिजे" अशी आरोळी दिली, बाकीचे माझ्या आजूबाजूला पायऱ्यांवर बसले, आणि मी कळवळून "अरे गुडघा, गुडघा" म्हणतेय तर तेही घोषणेत मिसळून गेलं. शिपाई धावत आला. साहेब बाहेर आले. त्या दिवशी आमची मागणी ऐकून घेतली गेली हे खरं आहे. पण मला दोन्ही बाजूंनी धरून रिक्षात घातलं, तेही खरं आहे.

दवाखान्यात फिजिओथेरपीच्या खोलीत एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी मला पालथं झोपवलं, उताणं झोपवलं, पाय वर कर म्हणाल्या, खाली दाबला. आडवी असताना पाय धरून ठेवायला सांगितला तर तो माझ्यादेखत थरथरत खाली गेला. मला इतकी लाज वाटली की मीच त्यांच्यावर डाफरले, "दाबताय तर जाणारच ना खाली!" त्या हसल्या. म्हणाल्या, हाड चांगलं आहे, काही तुटलेलं नाही. खुब्याच्या बाहेरचे स्नायू कमजोर आहेत, त्यांच्यावर झेपत नाही इतका भार गेला, त्यांचं काम गुडघ्यावर आलं, आणि आता दोघंही सुजलेत. रस्त्याच्या एकाच कडेनं पळता का? हो. कडेला उतार असतो, एक पाय कायम खाली पडतो. दुखत असताना पळत होता का? हो. अंतर एकदम वाढवलं का? हो, हो, हो. चौकशी समितीपुढं उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

मग त्यांनी विचारलं, "एका पायावर उभं राहायचं काही काम करता का? या उजव्या पायावर?"

मी छताकडं बघायला लागले.

"म्हणजे नाच, योगा, असं काही?"

"लोकांना लाथा मारते," मी म्हणाले.

सांगावंच लागलं सगळं. डावा पाय समोरच्याच्या पाठीला, सगळा भार उजव्या खुब्यावर, तोही अंग अजून गरम झालेलं नसताना, आणि पाण्याच्या दुसऱ्या दिवशी एकामागून एक. मॅडमनी सगळं नीट ऐकलं. म्हणाल्या, मुख्य कारण पळणंच आहे, पण हे आजपासून पूर्ण बंद. एका पायावर अजिबात उभं राहायचं नाही, मी सांगेपर्यंत. मला वाटलं, चला, शास्त्र आपल्या बाजूनं आहे. मी उठून चप्पल घालत होते तेवढ्यात त्या दाराकडं बघून हळूच म्हणाल्या, "खरंच जाते का हो उसण?"

"मॅडम!"

"नाही, म्हणजे मला माहितेय, तसं काही नसतं. पण आमच्या सासूबाई फार मागं लागल्यात, पायाळू शोध म्हणून. तुम्हाला स्टुलावर बसून लावता येईल. म्हणजे खुब्यावर भार यायचा नाही."

मी तिथून निघाले ती थेट रिक्षा स्टँडपर्यंत लंगडत, स्वतःशी मोठ्यानं बोलत. लोक वळून बघत होते. बघू देत.

घरी येऊन जाहीर केलं: पळणं बंद, जिना कमीत कमी, आणि लाथ बंद. पहिल्या दोन गोष्टींना कुणाचीच हरकत नव्हती. माझं पळणं बंद झालं याचं आईला खरं तर बरंच वाटलं. तिसऱ्यावर ती म्हणाली, "बंद म्हंजी? लोकांना काय सांगू?"

"सांग, पाय दुखतोय."

"पायाळूचा पाय दुखतोय असं सांगू? हसतील की गं."

आणि हसलेच. दारातून परत पाठवलेल्या बाया हसतच गेल्या. कुणी म्हणाली, ढोंग करते. कुणी म्हणाली, शिकली की असंच होतं. मी आत सतरंजीवर आडवी, गुडघ्यांच्या वर रबराचा पट्टा अडकवून कुशीवर पडून पाय उघडतेय, मिटतेय. याला व्यायाम म्हणतात. घाम येत नाही, वारा लागत नाही, रस्ता पुढं सरकत नाही. तेच छप्पर, तोच पंखा. ज्या मुलीला पत्रकात दुसऱ्या ओळीलाच मागणी मांडायची सवय, तिला रोज तीच हालचाल करून वाट बघायला लावणं हा छळ आहे. मी मॅडमना विचारायची, कधी पळायचं? त्या म्हणायच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी दुखलं नाही तर थोडं वाढवायचं, दुखलं तर कमी करायचं. मी म्हणायची, ते नको, कधी पळायचं ते सांगा. त्या म्हणायच्या, ते तुमचा पाय सांगेल. मला असल्या उत्तरांचा तिटकारा आहे. असली उत्तरं आम्हाला कचेरीत मिळतात.

अशातच वळसंगची मावशी आली. आईची थोरली बहीण, शेतात राबणारी. तूर काढताना तिची कंबर धरली होती. आईनं फोनवर तिला परस्पर सांगून टाकलं होतं, ये, पोरगी हाय की घरात. मावशी वडापच्या जीपमध्ये कोंबून, कंबर धरून आली, रात्री मुक्कामाला राहिली, आणि सकाळी मी बाहेर आले तर अंगणात चटईवर पालथी पडलेली. लुगडं नीट सारखं करून. तोंड न धुतलेलं. तयार.

"ये गं बाय," ती जमिनीशीच बोलली. "लई धरलंय बघ."

"मावशी, माझाच पाय दुखतोय. डॉक्टरांनी उभं राहायला बंदी केलीय."

"डावा लाव की. डावा कुटं दुखतोय?"

"डावा लावायचा तर उजव्यावर उभं राहावं लागतं."

मावशीनं विचार केला. "मंग उजवा लाव."

"उजवाच दुखतोय मावशी!"

"मंग बसून लाव."

शिकलेली फिजिओ आणि वळसंगची मावशी, दोघींचं डोकं एकाच ठिकाणी जाऊन थांबलं. माझ्या पायाला आराम हवा हे सोडून दोघींना बाकी सगळं सुचत होतं.

आई मधे पडली. "एक मिनटाचं काम हाय. मोर्चाला चालतो पाय, मीटिंगला चालतो. सख्ख्या मावशीला न्हाय चालत?"

"मोर्चालाही गेले नाही मी. बघतेस ना तू."

"त्ये पाय माज्यातनं आल्यात," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आदी पायच आलं. मला काय झालतं त्ये मला ठावं. आन आता तू मला नको म्हनतीस?"

माझ्याकडं उत्तर होतं. ते फार दिवसांपासून तयार होतं: तुझ्यातून आले, पण रात्री ठणकतात ते मला. माझे आहेत. पण समोर मावशी जमिनीवर, तिला खरंच दुखत होतं, खोटं काही नव्हतं त्यात. मी घाबरले आणि परत तेच म्हणाले, "डॉक्टरांनी नको म्हटलंय." डॉक्टरांच्या मागं लपले. मावशी भिंतीला धरून हळूहळू उठली. मी म्हणाले, चल, मॅडमना दाखवू तुझी पाठ, मी येते सोबत. ती म्हणाली, "नगं बाय. तुजी तू बरी हो आदी."

ती दवाखान्यात गेली नाही. मागच्या गल्लीत पानटपरीवाला पायाळू आहे, आई तिला त्याच्याकडं घेऊन गेली. संध्याकाळी मावशी जरा सरळ चालत होती. आई माझ्याशी बोलत नव्हती.

आणि मग गल्लीत ते वाक्य फिरलं. कुठून सुटलं ठाऊक नाही, पण समोरच्या काकूंच्या दारात पिकलं. काकू दिवसभर उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात, येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांच्यावरून जावंच लागतं. वाक्य असं: हिच्या पायाचा गुण गेला. स्वतःचाच पाय गेला ती दुसऱ्याची पाठ काय बरी करणार?

झालं. दुसऱ्या दिवसापासून दारात कुणी नाही. पाणी येऊन गेलं, पाठी धरल्या असतील, एकही बाई आली नाही. मी इतकी वर्षं समजावलं, पत्रक वाटलं, हात जोडले, चिडले, डॉक्टरांचं नाव सांगितलं, कुणी ऐकलं नाही. आणि पाय निकामी झाला म्हटल्यावर एका दिवसात सगळ्यांनी ऐकलं. यंत्र बिघडलं, दुसरीकडं जा. मला हवं होतं तेच झालं होतं आणि मी संतापानं नुसती फणफणत होते. माझ्या नकाराला या गल्लीत कवडीची किंमत नव्हती, हे कळल्यावर मोकळं कसं वाटणार?

इतकी फणफणले, की मोबाईल घेऊन लिहायलाच बसले. 'सुज्ञ रहिवाशांनो' असं सुरू केलं. अफवांवर विश्वास ठेवू नका, असं पुढं लिहिलं. आणि त्यापुढं लिहिलं, 'माझ्या पायाचा गुण कुठेही गेलेला नाही.' लिहून वाचलं. परत वाचलं. मग मोबाईल पालथा ठेवला आणि पंख्याकडं बघत राहिले.

दरम्यान पाय काम करत होता. मला न विचारता. एक दिवस लक्षात आलं की उजव्या कुशीवर झोपून उठले. मग जिना उतरताना कठडा न धरता उतरले, आणि खाली आल्यावर आठवलं की आपण धरला नाही. मॅडमनी एका पायावर उभं केलं, डोळे माझ्या खुब्यावर ठेवून. तो खाली झुकला नाही. सासूबाईंचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, मीही नाही. म्हणाल्या, आता जरा चाला, जरा पळा, परत चाला. रस्त्याची कड नको. तलावाच्या बाजूला सपाट वाट आहे तिथं जा, आणि एक दिवस एका दिशेनं, दुसऱ्या दिवशी उलट.

पहिल्यांदा पळाले तेव्हा चालणारे आजोबा माझ्यापुढं गेले. मी दात ओठ खात मागं राहिले. खुबा बोलला नाही. गुडघा बोलला नाही. श्वास लागला, फक्त श्वास, आणि मी तिथल्या कट्ट्यावर बसून भरपूर रडले, मग स्वतःला शिवी घातली आणि परत चालायला लागले. हळूहळू चालणं कमी झालं आणि पळणं वाढलं. विजापूर रोड अजून दूर होता. पण तासभर कुणी काही मागत नव्हतं.

त्या दिवशी पाणी आलं होतं. मी पळून परत आले तर गल्लीत सगळ्या नळांखाली भांडी, पाइप, आरडाओरडा. काकू त्यांच्या दारात गाऊनवर ओढणी टाकून उभ्या, एक हात भिंतीला, एक कमरेला. मी पळतच आले होते, शेवटच्या वळणापर्यंत. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"पळतीस व्हय?"

"हो."

"बरा झाला की मंग पाय."

"झाला."

"मंग गुण आला असंल परत." त्यांनी लगेच भिंतीकडं तोंड केलं, पाठ माझ्याकडं. "लाव की गं. अजून तोंड न्हाय धुतलं मी. सकाळपासनं सरळ हुता येईना."

आमच्या दारात आई पिंपात पाइप धरून उभी होती. तिनं ऐकलं. सगळ्या गल्लीनं ऐकलं.

"नाही काकू," मी म्हणाले.

त्यांनी मान वळवली. "डॉक्टर नको म्हन्ला?"

हो म्हणायचं होतं. किती सोपं होतं. एक शब्द, काकूंनी च्यक च्यक केलं असतं आणि मी आत गेले असते.

"डॉक्टर हो म्हणाल्यात. पाय चांगला आहे. मीच नाही म्हणतेय."

"का?"

का? पत्रकभर कारणं होती माझ्याकडं. पाठीचा कणा म्हणजे काय, लाथेनं काय होऊ शकतं, पाणी रोज आलं तर या पाठी का धरतील, हे सगळं मला पाठ होतं. त्यातलं काहीच मी बोलले नाही.

"माझा पाय आहे म्हणून."

"आन माजी पाठ?" काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, दुखणं होतं, आणि ते मला ऐकू आलं. मी उभीच राहिले. दवाखान्यात येता का, मी नेते, असं म्हणाले. त्यांनी हात झटकला. मग माझ्या डोक्यावरून आईला हाक मारली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "बघ गं तुजी पोरगी! लई शानी झाली. सांग की तिला!"

पिंप भरून वाहायला लागलं होतं. आईनं पाइप काढून बादलीत टाकला.

"मला नका सांगू," ती म्हणाली. "माजा न्हाय त्यो पाय. तिचा हाय. तिला इचारा."

ती हे चिडून म्हणाली. माझ्याकडं न बघता, दातावर दात ठेवून, मला चार लोकांत तोडून टाकल्यासारखं. त्यानंतर दोन दिवस तिनं मला जेवायला वाढलं नाही, माझं मी घेतलं. तिला ते वाक्य मनापासून म्हणायचं नव्हतं हे मला माहीत आहे.

पण म्हणाली. गल्लीत, सगळ्यांदेखत म्हणाली.